दर दोन तासांनी कूस

'चंदू चॅम्पियन' पाहिलाय ना? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं आणि तरी १९७२ला पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं. सिनेमात पदक आहे, टाळ्या आहेत, सगळं आहे. पण मला आज त्याच्या आधीचं सांगायचंय. मणक्याला गोळी लागलेला माणूस जगतो कसा, इथून सुरुवात करू.

कारण आधी तो जगतच नव्हता. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला मार बसलेले बहुतेक सैनिक काही काळातच दगावले. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ते गोळीने नाही मेले. संवेदनाच नसल्यामुळे एकाच कुशीवर पडून राहायचे. कातडीला रक्त मिळायचं नाही, जखमा व्हायच्या, त्या हाडापर्यंत जायच्या. दुसरीकडे लघवी तुंबून जंतुसंसर्ग व्हायचा, मूत्रपिंडं जायची. डॉक्टर काय करायचे? प्लास्टरमध्ये घालून ठेवायचे आणि वाट बघायचे. कशाची, ते कळलं असेलच.

आता येऊ इंग्लंडमध्ये, एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात. १ फेब्रुवारी १९४४. नॉर्मंडीचा हल्ला चार महिन्यांवर होता आणि मणक्याचे जखमी येणार हे सरकारला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी वेगळा विभाग उघडला आणि तो सोपवला लुडविग गुटमन यांच्याकडे. जर्मनीतले नामवंत मेंदू-मज्जातंतू तज्ज्ञ, ज्यू असल्यामुळे १९३९मध्ये बायको-पोरांसह देश सोडून आलेले. इतरांना ही नेमणूक म्हणजे करिअरचा शेवट वाटत होता. मरणाऱ्यांचा वॉर्ड कोणाला हवाय?

गुटमननी आल्या आल्या प्लास्टर काढायला लावलं आणि नियम केला की प्रत्येक पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा, रात्री, रविवारी, कधीही चुकवायची नाही. बस्स, एवढंच. कुठलं मशीन नाही, कुठलं भारी ऑपरेशन नाही. नर्स आणि मदतनीस मिळून माणूस उचलायचे, वळवायचे, उशा लावायचे. गुटमन रात्री-अपरात्री स्वतः वॉर्डात येऊन बघायचे, झालंय की नाही. कॅथेटर घालतानाच्या स्वच्छतेवरही तेवढीच करडी नजर. नवीन जंतुनाशक औषधांचाही हातभार होताच, तो नाकारायला नको. पण माझ्या मते खरी क्रांती ती कूस बदलण्यातच झाली.

माणसं जगायला लागली. मग पुढचा प्रश्न आला, जगून करायचं काय?

आपल्याकडे 'पुनर्वसन' म्हटलं की धरणग्रस्त आठवतात आणि 'रिहॅब' म्हटलं की व्यसनमुक्ती केंद्र. इथं अर्थ अगदी रोजचा होता. स्वतः उठून बसणं. हातांच्या जोरावर पलंगावरून व्हीलचेअरमध्ये जाणं. कपडे घालणं. लघवीची वेळ स्वतः सांभाळणं. आणि काम! वॉर्डाशेजारीच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती शिकवली जायची. सगळ्यांना ते आवडायचं असं नाही हं. आराम करायला आलेल्या सैनिकाला सकाळी उठवून कामाला जुंपलं तर तो वैतागणारच. गुटमन कडकच होते. पण त्यांचा हिशोब सरळ होता. माणूस घरी जायला हवा, आणि घरी जाऊन कर भरणारा नागरिक व्हायला हवा.

खेळही असाच आला. पेशंट व्हीलचेअरवर बसून उलट्या काठ्यांनी चकती मारत खेळत होते, ते त्यांनी पाहिलं. त्यातून व्हीलचेअर पोलो सुरू झाला, पण तो फारच धसमुसळा निघाला, म्हणून बंद केला. तिरंदाजी मात्र टिकली, कारण धनुष्य ओढताना नेमके खांदे आणि पाठ बळकट होतात. २९ जुलै १९४८ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. त्यात दोन महिला होत्या. १९६०ला हीच स्पर्धा रोमला गेली तेव्हा सुमारे ४०० खेळाडू होते. तेच आज आपलं पहिलं पॅरालिम्पिक मानलं जातं.

आता परत पेटकरांकडे. आर्मीतला हा बॉक्सर मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात बरा होत होता. पोहणं हा त्याच्या उपचारांचाच भाग होता. पाण्यात पायांवर भार येत नाही आणि सगळं काम हात करतात. म्हणजे सिनेमातला तो पूल हा आधी हॉस्पिटलचा उपचार होता, खेळ नंतर झाला.

१९७२ची स्पर्धा हायडेलबर्गला झाली. म्हणजे जर्मनीत, ज्या देशातून गुटमनना पळावं लागलं होतं तिथेच. आयोजन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष तेव्हा गुटमनच होते. आणि तिथल्या तलावात ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी भिंतीला हात लावला तेव्हा वेळ होती ३७.३३ सेकंद. आपल्या गटातला विश्वविक्रम. एक गोळी अजून पाठीत होती.