छत्तीस फ्रेम आणि एक मैफल

लढाया, किल्ले आणि तहांच्या गप्पा आपण बरेच भाग मारल्या. आज तोफखाना बाजूला ठेवू. आजचा विषय आहे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोटो. तेही फिल्मवर काढलेले, म्हणजे रोल संपला की माणूस हात चोळत बसायचा, त्या काळातले.

सुरुवात मुंबईपासून करतो. २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलिस’ नावाचा इंग्लिश बँड मुंबईत वाजवून गेला. लंडनमध्ये १९७६-७७ साली पंक संगीताची जी लाट उठली, तिच्यातूनच हे तिघे वर आले होते. पंक म्हणजे तीन कॉर्ड, मोठा आवाज आणि कुणाचीही पर्वा नाही असा खाक्या. आपल्याकडे ‘पंक’ म्हणजे चिखल, आणि त्या पोरांना तो अर्थ कळला असता तर आवडलाच असता. मौज पुढेच आहे. ह्या बंडखोर बँडचा मुंबईतला कार्यक्रम ठेवला होता ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ने, म्हणजे धर्मादाय कामासाठी नाटकं आणि मैफली भरवणाऱ्या पारशी बायकांच्या संस्थेने. दक्षिण मुंबईतलं ते सभागृह, साडी नेसलेल्या यजमाणीणबाई आणि समोर उड्या मारणारा स्टिंग.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या बँडमध्ये दोन माणसं महत्त्वाची. गिटार वाजवणारा अँडी समर्स त्या दौऱ्यांत सतत कॅमेरा घेऊन फिरत असे. पुढे १९८३ साली ‘थ्रॉब’ नावाचं त्याचं छायाचित्रांचं पुस्तक निघालं. ड्रमर स्ट्यूअर्ट कोपलँडच्या हातात सुपर एट कॅमेरा असायचा, आणि त्या फिल्मच्या डब्यांतून २००६ साली त्याने एक अख्खा माहितीपट उभा केला. म्हणजे फोटो काढणारा प्रेक्षकांत नव्हता, रंगमंचावरच होता. लष्करात आम्ही म्हणतो की युद्धाचा इतिहास लिहायचा तर खंदकातल्या माणसाची डायरी मिळवा. ही तशी डायरी.

पंक आणि फोटो यांचं एवढं सख्य का जमलं? माझ्या मते कारण साधं आहे: अंतर नव्हतं. न्यूयॉर्कच्या बावरी भागात १९७३च्या डिसेंबरात सीबीजीबी नावाचं दारूचं दुकानवजा क्लब सुरू झालं. अरुंद जागा, बुटकं व्यासपीठ, कलाकाराचा घाम पहिल्या रांगेवर उडायचा. रोबर्टा बेली ही बाई तिथे दारावर पैसे घ्यायला बसत असे. तिनेच कॅमेरा घेतला आणि १९७६ साली ‘रामोन्स’च्या पहिल्या तबकडीवर तिचा फोटो छापून आला. विटांची भिंत, समोर चार पोरं, चामडी जाकिटं, फाटक्या जीन्स. स्टुडिओ नाही की पडदा नाही.

दुसरा फोटो तर जगप्रसिद्ध. २० सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम. ‘द क्लॅश’चा पॉल सिमोनन हातातला बेस गिटार कुऱ्हाडीसारखा उचलून जमिनीवर आपटतो आहे. का? तर रखवालदार प्रेक्षकांना खुर्चीतून उठू देत नव्हते आणि त्याचा संताप झाला होता. पेनी स्मिथ बाजूला उभी होती. तो आपल्याच दिशेने येतोय हे पाहून मागे सरता सरता तिने बटण दाबलं. फोटो हलला. तिचं म्हणणं, हा फोटो तांत्रिकदृष्ट्या छापण्यासारखा नाही. जो स्ट्रमरने हट्ट धरला, आणि ‘लंडन कॉलिंग’च्या मुखपृष्ठावर तोच गेला. २००२ साली ‘क्यू’ मासिकाने त्याला रॉक संगीतातलं सर्वोत्तम छायाचित्र ठरवलं. तो हलला आहे म्हणूनच त्यात आवाज आहे, असं मला वाटतं. फोकस नेमका असता तर ती फक्त मोडतोडीची नोंद झाली असती.

आता तुम्ही विचाराल, होसकोट्यात राहणारा हा म्हातारा फौजी मराठी श्रोत्यांना न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून का फिरवतोय? कारण हाच धंदा आपल्याकडेही चालू होता. फक्त गिटारच्या जागी तानपुरा होता.

थोडा मागचा हिशेब मांडू. आपल्या जुन्या गवयांचे जे फोटो दिसतात ते बहुतेक स्टुडिओतले: खुर्ची, फेटा, शाल, मांडीवर हात, चेहऱ्यावर जिल्हाधिकाऱ्याला भेटायला आल्यासारखा भाव. गाताना कुणी दिसतच नाही. दोष कुणाचा नव्हता. त्या वेळच्या काचेच्या प्लेटा आणि मंद फिल्म मैफलीच्या दिव्यात निकामी ठरत, आणि हलतं डोकं म्हणजे फोटोत धुराचा लोट. १९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा खिशात मावू लागला. १९५४ साली कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये मिळू लागली, आणि कमी उजेडातलं काम खऱ्या अर्थाने जमू लागलं.

तारखा जुळवून पाहा. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, १९५२च्या सप्टेंबरात गेले. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी पुण्यात १९५३ साली उत्सव सुरू केला. गुरूचं गाणं ऐन बहरात असताना ते टिपू शकेल अशी फिल्म नव्हती. शिष्य मात्र त्या फिल्मच्या बरोबरीनेच मोठा झाला. म्हणून रामभाऊंना आपण बसलेले पाहतो आणि भीमसेनांना गाताना पाहतो. आणि भीमसेन म्हणजे छायाचित्रकाराला पर्वणीच. तान घेताना अख्खं शरीर त्यात उतरायचं. हात आकाशातून काहीतरी ओढून आणल्यासारखा खाली यायचा. उलट गंगूबाई हनगल, एक हात कानाशी, बाकी स्थिर. तिथे फोटो काढणाऱ्याला चेहऱ्यावरच्या एका रेषेसाठी थांबावं लागे.

मी पुण्याला पोस्टिंगवर असताना ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रमणबागेच्या मैदानावर हे सगळं केलं आहे. हौस म्हणून, धंदा म्हणून नव्हे. जमिनीवर सतरंजी, अंगावर फौजी कांबळं, थर्मासमध्ये चहा आणि गळ्यात ५० मिलिमीटरच्या भिंगाचा कॅमेरा. रंगमंचावर पिवळट दिवे. चारशेची फिल्म सोळाशे समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. मग काळं जास्त काळं होतं, दाणा उठून येतो, पांढरा कुर्ता पेटल्यासारखा दिसतो. शटर एक-तीसांश सेकंदावर. श्वास रोखून बटण दाबायचं, रायफलच्या नेमबाजीत शिकवतात तसं. नेम आणि श्वास यांचं नातं दोन्हीकडे एकच.

आणि आवाज! एसएलआर कॅमेऱ्यातला आरसा वर उडताना ‘खट्ट’ असा जो आवाज करतो तो आलापीत बॉम्बसारखा वाटतो. शांततेच्या बाबतीत किशोरीताई आमोणकर किती काटेकोर होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तबला द्रुत लयीत शिरला की आम्ही बटणं दाबायचो. ह्याचा परिणाम इतिहासावर झाला, हे कुणी फारसं बोलत नाही. त्या काळच्या हौशी फोटोंत द्रुत भरपूर आणि विलंबित फार कमी. पंकवाल्यांना ही अडचणच नव्हती. त्यांच्या गोंगाटात कॅमेराच काय, बंदूक उडाली तरी ऐकू आली नसती.

छत्तीस फ्रेम ही दुसरी शिस्त. रोल महाग, परदेशी तर आणखी महाग आणि मिळायला वशिला. सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स उभी केली, १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. त्यांची ‘इंदू’ फिल्म माझ्या पिढीच्या हौशी लोकांनी भरपूर वापरली. रात्रभराच्या मैफलीला दोन रोल, म्हणजे बहात्तर संधी. पहाटे भीमसेन येणार हे माहीत असायचं, म्हणून त्यांच्यासाठी निदान वीस फ्रेम राखून ठेवायच्या. राखीव दारूगोळाच तो.

पुण्यात सतीश पाकणीकरांनी हे काम हौशीच्या पलीकडे नेलं. गायक-वादकांच्या त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांची प्रदर्शनं आणि दिनदर्शिका पुष्कळ मराठी घरांनी पाहिल्या आहेत. पण पंकवाल्यांशी थेट तुलना करायची तर मी दयानिता सिंग यांचं नाव घेईन. त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थिनी होत्या. झाकीर हुसेन यांच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेल्या असताना त्यांना अडवलं गेलं, त्या पडल्या, आणि मग थेट झाकीरभाईंनाच जाऊन भिडल्या. पुढे कित्येक हिवाळे त्या कलाकारांबरोबर बसमधून फिरल्या: हॉटेलच्या खोल्या, रियाझ, थट्टामस्करी, झोपलेले साथीदार. १९८६ साली ‘झाकीर हुसेन’ हे त्यांचं पहिलं पुस्तक आलं. २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, छायाचित्रणातला फार मोठा मान. माहीमच्या त्या तबलजीच्या बसमध्ये त्यांनी जे केलं तेच अँडी समर्स पोलिसच्या विमानात करत होता, आणि साधारण त्याच वर्षांत. एकाला दुसऱ्याची खबर नसावी.

आता मुंबईच्या रॉककडे. मला दोन्ही आवडतं, आणि त्याबद्दल मेसमध्ये बरीच बोलणी खाल्ली आहेत. मारवा ऐकणारा माणूस क्लॅश कसा ऐकतो, हा प्रश्न मला चाळीस वर्षं विचारला गेला. कानाला दोन दारं आहेत, एवढंच उत्तर मी देतो. तर धोबी तलावाजवळचं रंगभवन हे उघडं नाट्यगृह, तिथे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. ‘रॉक मशीन’ तिथला लाडका बँड, ज्याचं पुढे ‘इंडस क्रीड’ झालं. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. आपल्याच कोकण-कारवार पट्ट्यातली आडनावं आणि हातात इलेक्ट्रिक गिटार. त्या वर्षांचे चांगले फोटो अगदी थोडे दिसतात. पोरांकडे तिकिटाला पैसे जेमतेम, रोलला कुठून असणार?

आणि इथे दोन्ही वाटा एकाच नाक्यावर येऊन थांबतात. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनाच्या आजूबाजूला रुग्णालयंच रुग्णालयं, तिथला रॉक थांबला. आणि रमणबागेतली रात्रभराची मैफलही आक्रसली. नियमांना माझा विरोध नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण परिणाम सांगतो. पहाटेचा ललत, तोडी ऐकताना मांडवाच्या कडेने हळूहळू निळा उजेड आत यायचा आणि रात्रभर पिवळा दिसलेला गायकाचा चेहरा दोन रंगांत विभागायचा. तो उजेड आता कुणालाच मिळणार नाही, कितीही महागडा मोबाइल असला तरी. तो फक्त जुन्या निगेटिव्हवर आहे.

म्हणून हा सगळा खटाटोप. निगेटिव्ह मरते आहे. तिचा पाया अ‍ॅसिटेटचा. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तो विघटित होतो, आंबूस व्हिनेगरचा वास सुटतो, पट्टी आकसते, वाकडी होते, आणि वरचा थर सुरकुततो. एकदा सुरू झालं की थांबत नाही, शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं. वर बुरशी आहेच. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात कपाटावरच्या डब्यांची काय गत होते ते वेगळं सांगायला नको. कुणी वारलं की घर आवरताना हे डबे रद्दीवाल्याकडे जातात. माझ्या ओळखीच्या एका हौशी मित्राचे पंचवीस वर्षांचे रोल असेच गेले. मुलांचा दोष नाही. पाकिटावर नाव-गाव काही नव्हतं, त्यांनी काय ओळखायचं?

होसकोट्याची हवा त्या मानाने कोरडी. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे गाव निवृत्तीसाठी निवडताना माझ्या मनात निगेटिव्ह नव्हत्या, पण त्यांना ते मानवलं. मागच्या महिन्यात शेजारचे निवृत्त मास्तर आले होते, कन्नड माणूस. मी उजेडाच्या पेटीवर पट्ट्या मांडून बसलो होतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळे दात, पांढरे केस काळे. तरी त्यांनी वाकून पाहिलं आणि लगेच म्हणाले, “भीमसेन! नम्मवरु.” म्हणजे आमचे. मी म्हटलं, मास्तर, आमचेही. गदगला जन्म आणि पुण्यात घर, त्यावर दोघांनी चहा घेतला.

तुमच्या घरात असे डबे असतील तर आधी फक्त वास घ्या. आंबूस असेल तो डबा वेगळा काढा आणि त्याचं स्कॅनिंग सगळ्यांत आधी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आम्लरहित कागदाची पाकिटं वापरा. मुख्य म्हणजे पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कधी, साथीला कोण. साथीदारांची नावं आत्ताच विसरली जात आहेत. माझ्या एका फ्रेममध्ये भीमसेनांच्या मागे तानपुऱ्यावर एक तरुण मुलगा आहे, डोळे मिटलेले, पहाटेच्या निळ्या उजेडाच्या बाजूला. पाकिटावर मी लिहिलं आहे ‘रमणबाग, रविवार, रोल २’. तो कोण, हे पुण्यात चार जुन्या लोकांना विचारून झालं. अजून दोघांना विचारायचं राहिलंय.