वळू तोच, गाय तीच, मग वासरू का खंगलं?



ज्येष्ठात आमची मणेरी व्याली. गोऱ्हा झाला. गोणपाटाची झोळी करून ताणकाट्याला टांगला, तर 14 किलो. मागच्या वेताचा 19 भरला होता, वहीत नोंद आहे. हा गोऱ्हा तीन तास उठलाच नाही. धरून आचळाला लावला तर ओढायला जोर नव्हता. बाराव्या दिवशी गेला.

शेजारचे काका म्हणाले, "वळू बदल आता. रक्त पातळ झालंय." मी म्हटलं, काका, वळू तोच आहे. गायही तीच. बदललं ते एवढंच की फाल्गुनात वणवा लागून आमच्या बाजूचा माळ जळाला आणि मणेरीनं चैत्र-वैशाख पेंढ्यावर काढला. पेंढाही पुरता नव्हता. चूक माझी. जनावर विकावं की चारा विकत घ्यावा, या घोळात दोन महिने घालवले.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. जुनंपानं वाचलं, एका पशुवैद्यकाला पिडलं. हे आपल्याकडचंच दुखणं आहे, म्हणून इथं लिहितो. जरा लांबेल.

पहिलं आपल्या भागाचं गणित. डांगी गाय ही इगतपुरी, अकोले, डांग आणि आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पावसाची. तिची कातडी तेलकट, अंगावर पाणी ठरत नाही. घोटीच्या बाजारात किंवा राजूरच्या प्रदर्शनात अजून चांगली जनावरं दिसतात. ती माजावर येते बहुतेक पावसाळा सरताना, हिरवं गवत पोटभर मिळाल्यावर. भाद्रपदात फळली की नऊ महिने दहा दिवस मोजा, ज्येष्ठात व्याते. म्हणजे वासराला ओला चारा मिळेल अशा वेळी. वरवर छान जुळणी आहे. पण पोटातल्या वासराचं निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. आपल्याकडं ते तीन महिने म्हणजे फाल्गुन, चैत्र, वैशाख. माळावर तेव्हा काय असतं, तुम्हाला माहीत आहे.

वाळलेल्या डोंगरी गवतात प्रथिनं 3-4 टक्क्यांच्या आसपास. गाईच्या पोटातल्या जंतूंना गवत पचवायलाच साधारण 7 टक्के लागतात. त्याखाली गेलं की ते मंदावतात, गवत पोटात पडून राहतं, गाय खातच कमी. पोट फुगलेलं दिसतं आणि आपण समजतो, भरलंय. मीही तसंच समजलो.

आता वळूचा मुद्दा. काकांसारखंच जगभर मानायचे, सगळं बापाच्या रक्तात असतं. 1938 साली केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी याची परीक्षा घेतली, ती घोड्यांवर. एकीकडं शायर जातीची अवजड घोडी, दुसरीकडं शेटलंडचं बुटकं तट्टू. कृत्रिम रेतनानं दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर आई आणि शेटलंड बाप, तसंच शेटलंड आई आणि शायर बाप. रक्त दोन्हीकडं निम्मं निम्मं. तरी मोठ्या आईचं शिंगरू जन्मताना लहान आईच्या शिंगरापेक्षा जवळपास तिप्पट भरलं. पोटात किती वाढायचं ते आईनं ठरवलं.

मग पुढचा प्रश्न असा की आईचा आकार तोच ठेवून नुसता चारा बदलला तर काय? त्यावरचं काम मेंढ्यांवर झालं. वॉलेस नावाच्या संशोधकानं 1948 मध्ये ते छापलं. मेंढी पाच महिने गाभण असते. त्यात शेवटच्या सहा आठवड्यांत तिला पोटभर मिळालं की नाही, यावर कोकराचं वजन बरंच ठरतं. पोटात जुळं असेल तर फारच. आधीच्या महिन्यांत हात जरा आखडला तरी एक वेळ चालतं, शेवटी आखडला तर कोकरू भोगतं. याआधी ऑस्ट्रेलियात बेनेट्सनं 1937 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. तिथल्या काही कुरणांवरची कोकरं मागच्या पायांनी लटपटत, पडत, मरत. रोग कोकराचा वाटायचा, पण उणीव होती आईच्या चाऱ्यातल्या तांब्याची. मेंढीला तांबं दिलं आणि कोकरं सरळ चालू लागली. म्हणजे नुसता भारा मोजून भागत नाही, भाऱ्यात काय आहे तेही बघावं लागतं.

आपल्या राज्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, 1968 पासूनची. त्यांनी बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला. काम मोठंच आहे. पण धनगराला त्याचा अर्थ असा की जुळं पोटात असलेली मेंढी एकटं कोकरू असलेल्या मेंढीसारखी सांभाळून चालत नाही. गुण रक्तातून येईल, ताकद चाऱ्यातूनच येणार. आपल्याकडं संकरित गाई आल्या तेव्हा हेच विसरलं गेलं. रेतनाची कांडी आली, पेंडीचं पोतं आलं नाही.

आणखी एक, चिकाचं. बाईच्या पोटात बाळाला वारेतून रोगाशी लढायची शक्ती थोडी मिळते. गाईच्या वासराला तशी मिळत नाही. ते कोरं जन्मतं. सगळी शक्ती चिकातून, तीही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतडं ती आत घेतच नाही. उपाशी गाईचा चीक कमी आणि पातळ, आणि अशक्त वासरू उशिरा उठतं. माझ्या गोऱ्ह्याचे ते तीन तास यात गेले. आणि आपण वर खरवसासाठी पातेलं घेऊन बसतो! आधी वासराला पोटभर पाजा, मग खरवस.

आता जे सांगतो त्यानं मी खरा दचकलो. बाईची तुलना गाईशी करणं मला आवडत नाही, पण इथं संशोधनच त्या वाटेनं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या खाण्याच्या नोंदी ठेवल्या. शेतात राबणाऱ्या बाया, सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. बाळं पावणेतीन किलोच्या आत. 2001 मध्ये त्यांनी छापलं की ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त, त्यांची बाळं मोठी. नुसता भात-भाकरीचा आकडा वाढल्यानं तसा फरक दिसला नाही. पुढं 2008 मध्ये त्याच गावांतली मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की आईच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर त्या मुलांत पुढं मधुमेहाकडं नेणारी खूण जास्त सापडते.

त्याच सुमाराला, 2007 मध्ये, इंग्लंडात सिंक्लेअरच्या गटानं मेंढ्यांना फळण्याच्या आधीपासून बी-12 आणि फोलेट कमी पडेल असा चारा दिला. गर्भ सहा दिवसांचा असतानाच काढून चांगल्या खाल्लेल्या मेंढ्यांच्या पोटात वाढवला. तरी ती कोकरं मोठी झाल्यावर जास्त चरबीची निघाली, रक्तदाब वाढलेला, विशेषतः नरांत. जन्माचं वजन नेहमीसारखंच होतं! म्हणजे माझा ताणकाटाही सगळं सांगत नाही. पुण्याची गावं आणि इंग्लंडातला गोठा, दोन्हीकडं एकाच जीवनसत्त्वाचं नाव यावं, याचं मला नवल वाटतं. दोन्ही प्रश्न अगदी एक नाहीत, हेही खरं.

अमेरिकेत नेब्रास्कात 2007 मध्ये आणखी एक हिशेब झाला. सुक्या माळावरच्या गाभण गाईंना शेवटच्या तिमाहीत थोडी प्रथिनाची पेंड दिली. त्यांच्या कालवडी मोठ्या झाल्यावर 93 टक्के गाभण राहिल्या, पेंड न मिळालेल्या गाईंच्या 80 टक्के. पेंड खाल्ली आईनं, फायदा दिसला लेकीच्या दावणीला, दोन वर्षांनी. आपण मात्र कालवड उलटली की कालवडीलाच नावं ठेवतो.

आणि आपला भाग. 1992-93 ला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लहान मुलं कुपोषणानं दगावली, तेव्हा देशभर नाव झालं, तेही असं. मोटारी आल्या, मोजमापं झाली, मुलांची. आयांकडं लक्ष पुष्कळ उशिरा गेलं. 2015 मध्ये अमृत आहार योजना आली, गरोदर आणि स्तनदा आईला एक वेळचं चौरस जेवण. आमच्या पाड्यावर तिचा उपयोग झालेला मी पाहिलाय. पण दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातो. पोटुशी बाई तिथं चिखल तुडवते आणि तिच्या नावाचं ताट इथं अंगणवाडीत. महिने तेच, फाल्गुन ते वैशाख. माझी धाकटी बहीण त्यातलीच. तिचं पोर जन्मलं तेव्हा 1 किलो 900 ग्रॅम होतं. आता शाळेत जातं, बरं आहे, पण सर्दी-खोकला त्याला सोडत नाही. तिला कुणी "वळू बदल" म्हणालं नाही, पण "हिच्यातच काहीतरी खोट" म्हणणारे होतेच.

यंदा भट्टीवर जाऊ नकोस, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "दादा, मग उचल कोण फेडणार?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गाईचं मात्र माझ्या हातात आहे. वरकसावर यंदा खुरासणी थोडी वाढवून पेरणार. दरवर्षी सगळं बी व्यापाऱ्याला घालतो, यंदा निम्मं घाण्यावर नेऊन तेल काढणार आणि पेंड घरी आणणार. फाल्गुन लागला की मणेरी आणि तिच्या थोरल्या कालवडीला रोज थोडी थोडी. मिठाची ढेप दावणीला बांधायची. पावसाळ्यात बांधावरचं गवत फुलोऱ्यात असतानाच कापून वाळवायचं, वाळून कोळ झाल्यावर नाही. माळाला जाळपट्टा आधीच काढायचा, त्यासाठी चारजणांना सांगून ठेवलंय.

तुमच्याकडं गाभण गाईला उन्हाळ्यात काय घालता? आणि वासराचं जन्मवजन कुणी लिहून ठेवलं असेल तर कळवा, माझ्या वहीत सध्या आठच नोंदी आहेत.