चौथ्या थराची कुळकथा

दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहताना तळहात पसरून धरला, तर मिनिटभरात त्यातून शंभरेक म्युऑन आरपार जातात. जाणवत काहीच नाही. अवकाशातून आलेला एखादा प्रोटॉन पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून पायॉन निघतात, पायॉनचे म्युऑन होतात आणि ते कौलं, झावळ्या, माणसं, खाडीचं पाणी कशालाही न जुमानता जमिनीत शिरतात. समुद्रसपाटीचा हिशेब असा आहे: आडव्या धरलेल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक.

अशा कणाची वाट नेमकी कुठून गेली हे आखून दाखवणारं जगातलं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिची कुळकथा बहुतेक जण म्युनिक आणि जिनिव्हा या दोन गावांतच सांगून संपवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. चकती ओतणाऱ्यांइतकंच तिला जोडणाऱ्यांचं आणि तिची पारख करणाऱ्यांचं नाव या कुळात लागलं पाहिजे. त्या हातांपैकी काही हात मुंबईच्या कुलाब्यातले आहेत.

सिलिकॉनच्या आधी कणांच्या वाटा फोटोच्या पायसात, म्हणजे न्यूक्लिअर इमल्शनमध्ये उमटवत. चांदीच्या क्षारांचा जाड थर दिलेली काच फुग्याला बांधून वर सोडायची, खाली आणून धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांच्या रांगा शोधायच्या. कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९५०च्या दशकात बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यश पाल ही मंडळी याच कामात होती. अचूकतेत इमल्शनचा हात धरणारं काही नव्हतं, एक मायक्रॉनपर्यंत जागा कळे. पण इमल्शनला काळ कळत नाही. प्लेट तयार झाल्यापासून धुईपर्यंत जे जे गेलं ते सगळं तिच्यावर उमटतं, आणि एकेक प्लेट वाचायला महिने जातात. सेकंदाला हजारो टकरी होणाऱ्या प्रयोगात हे चालणार नव्हतं. तिथे वायूने भरलेले तारांचे कोष वापरत. ते चपळ होते, पण जागा सांगताना शंभरेक मायक्रॉनचा घोळ घालत.

दुसरं घराणं डायोडचं. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये केनेथ मॅके यांनी जर्मेनियमच्या तुकड्याने अल्फा कण मोजून दाखवले. तत्त्व सोपं आहे. डायोडला उलटा विद्युतदाब दिला की त्यातले मोकळे विद्युतभार बाजूला सरतात आणि आतली जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेतून कण गेला की तो वाटेत इलेक्ट्रॉन उडवतो, मागे पोकळी ठेवतो. इलेक्ट्रॉन एकीकडे, पोकळ्या दुसरीकडे धावतात आणि कडेला क्षणभर विजेची बारीक चुणूक मिळते. सिलिकॉनमध्ये अशी एक जोडी सुटायला फक्त ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. वायूत एक इलेक्ट्रॉन सोडवायला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. म्हणून मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढ्या जाडीतूनही कामापुरता संकेत निघतो. पुढची वीस-तीस वर्षं हे डायोड अणुभौतिकीत फक्त ऊर्जा मोजायला वापरले गेले. कण कुठून गेला, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न निघाला १९७४च्या नोव्हेंबरनंतर, चार्म क्वार्कचा शोध लागल्यावर. चार्म असलेले कण सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही हजाराव्या हिश्श्याइतकेच जगतात. तेवढ्या वेळात ते मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी अंतर कापतात आणि फुटतात. जन्माची जागा आणि फुटण्याची जागा वेगळी ओळखायची, तर इमल्शनची अचूकता आणि विजेचा वेग एकाच वस्तूत हवा होता.

इथे जोसेफ केमर येतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले हे रेडिओरसायनतज्ज्ञ. संगणकाच्या चिप ज्या प्लेनर पद्धतीने बनतात, तीच पद्धत त्यांनी डिटेक्टरला लावली आणि १९८० मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. सिलिकॉनवर आधी ऑक्साइडचा संरक्षक थर वाढवायचा, प्रकाशाने नक्षी उतरवून त्यात खिडक्या पाडायच्या आणि तेवढ्याच जागी अशुद्ध अणू पेरायचे. एकाच चकतीवर शेकडो वेगळे डायोड, बारीक पट्ट्यांच्या रूपात. डिटेक्टरसाठी ऑक्साइडचं मोल चिपपेक्षाही जास्त आहे, कारण उघड्या कडेवरून गळणारा प्रवाह तो अडवतो. गळती जास्त असली की कणाचा इवलासा संकेत तिच्यात बुडून जातो.

जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एनए११ प्रयोगात १९८३च्या सुमारास अशा चकत्या खऱ्या अर्थाने कामाला लागल्या. चकती २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिच्यावर १२०० पट्ट्या, दोन पट्ट्यांत अंतर २० मायक्रॉन. चकती खिशात मावेल एवढी, पण तिच्या पट्ट्यांचे संकेत बाहेर आणणारी तारांची आणि प्रवर्धकांची जंत्री तिच्या कितीतरी पट मोठी. ही अडचण सुटली ती पट्ट्यांशेजारीच बसणाऱ्या चिपमुळे. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये अशी पहिली चिप झाली आणि डिटेक्टर टकरीच्या जागेला चिकटून बसवणं शक्य झालं. नंतर वाढ फार वेगाने झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने टॉप क्वार्क ओळखताना सिलिकॉनचीच साक्ष काढली. सर्नच्या सीएमएस प्रयोगाने १९९९च्या अखेरीस कणांचा माग काढणारा आपला सगळा भाग सिलिकॉनचा करायचं ठरवलं, सुमारे दोनशे चौरस मीटर.

भारत या कुळात सीएमएसच्याच दाराने शिरला. तिथल्या प्रीशॉवर या भागासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर सुमारे हजार चकत्या बनवल्या. प्रत्येक चकती ६३ मिलिमीटर चौरस, ३२ रुंद पट्ट्यांची. लष्करासाठी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इतक्या मोठ्या क्षेत्राचा आणि इतक्या कमी गळतीचा डायोड एकामागून एक तसाच निघायला लावणं ही मोठी गोष्ट होती, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

टीआयएफआरच्या माणसांनी पुढचं अवघड काम उचललं, ते जपानमध्ये. त्सुकुबाच्या केईके संस्थेत सात गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि चार गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे पॉझिट्रॉन आपटवतात. त्यातून निघणारे बी-मेसॉन फुटण्याआधी बीमच्या दिशेत सरासरी १३० मायक्रॉनच पुढे जातात. ते अंतर मोजायला बेल-२ प्रयोगात बीमच्या नळीभोवती सिलिकॉनचे सहा थर आहेत. आतले दोन पिक्सेलचे, बाहेरचे चार पट्ट्यांचे. या चार थरांचं काम देशांनी वाटून घेतलं: तिसरा मेलबर्नने, पाचवा व्हिएन्नाने, सहावा टोकियोजवळच्या काशिवा इथल्या कावली संस्थेने, आणि चौथा मुंबईने. तारिक अझीझ आणि गगन मोहंती यांच्या गटाने चौथ्या थराच्या शिड्या काशिवाच्या स्वच्छ खोलीत बसून जुळवल्या.

शिडी म्हणजे एका रांगेत बसवलेल्या चकत्यांची लांब पट्टी. चौथ्या थरात अशा दहा शिड्या, प्रत्येकीत तीन चकत्या, सगळ्या मिळून बीमपासून आठ सेंटिमीटरवर एक दंडगोल करतात. चकती साधारण बारा बाय सहा सेंटिमीटर, जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास. तिच्या दोन्ही अंगांना पट्ट्या असतात, एका अंगाला उभ्या आणि दुसऱ्याला आडव्या, म्हणजे एकाच चकतीतून दोन मापं मिळतात. मधल्या चकतीची गोष्ट खास आहे. तिचा संकेत शिडीच्या टोकापर्यंत न्यायला लांब तार लावली, तर तारेच्या धारितेमुळे गोंगाट वाढतो. म्हणून चिप चकतीच्या पाठीवरच बसवायच्या. पण खालच्या अंगाच्या पट्ट्यांचं काय? व्हिएन्नाच्या गटाने तोडगा काढला: लवचीक सर्किटचा पंख चकतीच्या कडेवरून वळवून वर आणायचा. या रचनेला त्यांनी ओरिगामी नाव दिलं. त्यामुळे दोन्ही अंगांच्या मिळून दहा चिप एका रांगेत येतात आणि कार्बन डायऑक्साइड वाहणारी दीडेक मिलिमीटरची एकच नळी त्या सगळ्यांना थंड ठेवते.

कागदावर हे सुबक दिसतं. हाताने करताना श्वास धरून करावं लागतं. चकती निर्वात शोषणाच्या साच्यावर धरायची, वर फोमचा मिलिमीटरभर थर, त्यावर सर्किट. चिकटवायला अरल्डाइटच, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन नळ्यांत मिळतं त्याच घराण्यातला एक प्रकार. गोंद जास्त झाला तर तो कडेने बाहेर येऊन जोडणीच्या जागा झाकतो, कमी पडला तर पंख पुरता बसत नाही आणि त्यावर तार जोडताना तो लवतो. म्हणून गोंदाची रेघ यंत्राच्या हाताने, मोजून ओढायची. मग २५ मायक्रॉन जाडीची अॅल्युमिनियमची तार, ना डाग ना उष्णता, केवळ अल्ट्रासाउंडच्या थरथरीने पट्टीच्या टोकावर दाबून जोडायची. दर पट्टीला एक, आणि असे हजारो टाके. नमुन्याच्या तारा ओढून तोडून पाहायच्या आणि किती ग्रॅमला तुटल्या ते लिहायचं. शेवटी शिडी मोजणीयंत्राखाली धरून प्रत्येक चकतीचे कोपरे कुठे आले ते टिपायचं. चुकलेली चकती सोडवून पुन्हा बसवता येत नाही.

एवढं करूनही कच्च्या डिटेक्टरचे आकडे निरर्थकच असतात. चारही थरांत मिळून १७२ चकत्या, १७४८ चिप, प्रत्येक चिपला १२८ वाहिन्या, म्हणजे सव्वादोन लाखांच्या घरात पट्ट्या. कण आलेला नसतानाही प्रत्येक पट्टी काहीतरी आकडा देतच असते. तो तिचा पायाचा आकडा, पेडेस्टल, आधी काढायचा आणि वजा करायचा. मग तो आकडा किती हलतो ते पाहायचं, तो गोंगाट. मग चिपमध्येच असलेल्या सर्किटने ठाऊक असलेला भार टोचून प्रत्येक वाहिनी त्याला किती उत्तर देते ते नोंदवायचं. खरी कसोटी कणाची. ३२० मायक्रॉन सिलिकॉनमधून सरळ गेलेला वेगवान म्युऑन बहुतेक वेळा २४ हजारांच्या आसपास जोड्या सोडतो. गोंगाट हजारभर इलेक्ट्रॉनांचा. म्युऑन तिरपा गेला तर वाट लांबते आणि जोड्या वाढतात, तोही हिशेब धरावा लागतो. तो करूनही संकेतांचा आलेख मध्यावर उंच होऊन उजवीकडे लांब शेपूट सोडतो. लांदाऊंनी १९४४ मध्ये त्याचं गणित मांडलं होतं. त्या आलेखाचा माथा योग्य जागी आला की पट्टीच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

आता जागेचा प्रश्न, आणि कुळकथेतला माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. दाभोळच्या खाडीत शिरताना तांडेल अंजनवेलच्या टोकावरचं टाळकेश्वरचं दीपगृह मागच्या टेकडीशी एका रेषेत धरतो आणि त्यावरून होडी कुठे आहे ते ठरवतो. तिथे खुणा पक्क्या असतात, फक्त होडीची जागा शोधायची असते. डिटेक्टरात खुणाही हललेल्या असतात. चकती साच्यात मोजली होती, पण शिडी दंडगोलात बसली, थंडी पडली, चुंबकीय क्षेत्र चालू झालं आणि सगळं दहा-वीस मायक्रॉनने इकडेतिकडे सरकलं. हवी असते तीन-चार मायक्रॉनची खात्री. मग कणांच्या लाखो वाटा आणि चकत्यांच्या जागा ही दोन्ही अज्ञातं एकाच समीकरणसंचात मांडून एकदम सोडवायची. प्रत्येक चकतीला तीन सरकणी आणि तीन वळणं, म्हणजे १७२ चकत्यांना हजारावर अज्ञातं, शिवाय चकत्यांचा बाक वेगळा. हॅम्बुर्गच्या फोल्कर ब्लोबेल यांनी त्यासाठी मिलेपीड नावाचा संगणकीय कार्यक्रम लिहिला. सीएमएस आणि बेल-२ दोघेही तो वापरतात.

पण टकरींतून निघणाऱ्या वाटा सगळ्या मधूनच बाहेर जातात. सगळा दंडगोल किंचित पिळला किंवा फुगला, तरी त्या वाटा आपापल्या जागी गुळगुळीतच दिसतात. पीळ असूनही समीकरणं तक्रार करत नाहीत. इथे आभाळातले म्युऑन कामी येतात. ते मध्याची पर्वा करत नाहीत. वरच्या अर्ध्यातून शिरून खालच्या अर्ध्यातून, हव्या त्या आडवाटेने बाहेर पडतात, आणि टकरींत कधीच एकत्र न येणाऱ्या दोन चकत्यांना एका वाटेवर बांधून टाकतात. पीळ पडला असेल तर ती वाट मध्ये तुटलेली दिसते. २०१८च्या उन्हाळ्यात पट्ट्यांच्या थरांचे दोन्ही अर्धे भाग तयार झाल्यावर केईकेच्या स्वच्छ खोलीत पहिली परीक्षा याच म्युऑननी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिटेक्टर जागेवर बसला, आणि २०१९च्या मार्चमध्ये पट्ट्यांच्या चारही थरांसह टकरी सुरू झाल्या. पट्ट्यांच्या थरांतून गेलेल्या कणांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून जास्त कणांची नोंद तेव्हापासून होत आली आहे.

२०२२च्या जूनमध्ये यंत्र लांब मुदतीसाठी थांबवलं. आतले पिक्सेलचे थर नवे घालायचे होते, आणि ते पट्ट्यांच्या थरांच्या पोटात होते. त्यामुळे मुंबईकरांच्या शिड्यांसह दोन्ही अर्धे बाहेर काढून, उघडून, २०२३ मध्ये नव्या पिक्सेलभोवती पुन्हा मिटवले गेले. तार तुटली नाही, पण जुने जागेचे आकडे बाद झाले. २०२४च्या सुरुवातीला टकरी परत सुरू होण्याआधी म्युऑनच्या वाटा पुन्हा गोळा केल्या गेल्या, आणि चौथ्या थरातल्या तीसही चकत्यांची जागा नव्याने काढण्यात आली.