अंगावर घेणे : घोडखिंड ते कुंडल

'अंगावर घेणे' हा मराठीतला मोठा सोशिक वाक्प्रचार आहे. काम अंगावर घेतात, जबाबदारी अंगावर घेतात आणि वारही अंगावरच घेतात. या तिन्ही अर्थांना एकत्र आणणारी एक भूमिका आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटली. एका विद्यार्थ्याने संगणकावरच्या बहुखेळाडू खेळांतील 'टँक' ही भूमिका आम्हांस समजावून सांगितली तेव्हा प्रथम रणगाडा आठवला, मग दुष्काळी भागातला टँकर. दोन्ही चुकीचे होते. टँक म्हणजे गटातला तो खेळाडू, ज्याचे काम शत्रूला मारणे नसून शत्रूने आपल्यालाच मारावे अशी व्यवस्था करणे हे असते.

१९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये आणि २००४च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये या भूमिकेचे शास्त्रच बनले. गटात एक जण अंगावर घेतो, एक जण जखमा भरून काढतो आणि बाकीचे प्रहार करतात. खेळातला राक्षस प्रत्येकाच्या नावावर मनातल्या मनात रागाचा हिशेब मांडत असतो. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याच्यावर तो धावून जातो. 'वॉरक्राफ्ट'मध्ये हा नियम फार नेमका आहे. जवळून लढणाऱ्या दुसऱ्या कोणाचा आकडा टँकच्या आकड्याच्या ११० टक्क्यांपुढे गेला, किंवा लांबून मारा करणाऱ्याचा १३० टक्क्यांपुढे, तर राक्षस मान वळवतो आणि गटाची दाणादाण उडते. म्हणून चांगला टँक सर्वांच्या आधी पुढे होतो, पहिला राग स्वतःकडे ओढतो, शत्रूचे तोंड आपल्या माणसांपासून दुसरीकडे फिरवून ठेवतो, आणि निसटलेली नजर डिवचून परत आणतो. ढाली सगळ्या एकदम वापरायच्या नाहीत, एकीमागून एक वापरायच्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मरायचे नाही. टँक पडला की पुढच्या काही क्षणांत बाकीचेही पडतात.

हे ऐकताना मराठी वाचकाच्या मनात घोडखिंड उभी राहते. १३ जुलै १६६०. पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजीराजे विशाळगडाकडे निघाले, तेव्हा शत्रूची नजर प्रथम शिवा काशिदाने स्वतःकडे ओढून घेतली. राजांचे सोंग घेऊन तो पकडला गेला आणि मारला गेला. मग खिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे उभे राहिले. शत्रूचा पराभव हे तिथे उद्दिष्टच नव्हते. हवा होता तो वेळ, आणि तो राजे गडावर पोहोचेपर्यंतचाच. भूमीची निवडही त्याच हिशेबाची होती. अरुंद वाटेत शत्रूची संख्या निरुपयोगी होते आणि थोड्यांना पुष्कळांचे लक्ष बांधून ठेवता येते.

मात्र आमच्या वाङ्मयाने या प्रसंगातून जे उचलले, ते मरण. पोवाड्यांनी ते उचलले, सावरकरांनीही बाजीप्रभूंवर पोवाडा रचला, आणि शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या तेच आमच्या कानी पडले. शिवा काशिदाला त्या मानाने ओळीच कमी आल्या. तलवार घेऊन मरणाऱ्याला वृत्त लाभते; सोंग घेऊन मरणाऱ्याला तळटीप. ही तक्रार जुनी आहे, पण ती कुंडलला गेल्यावर अधिक टोचते.

कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४३ साली मात्र ते औंध संस्थानात होते, आणि भोवतीचा मुलूख इंग्रजी सातारा जिल्ह्याचा होता. (दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले.) औंधच्या राजांनी १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली होती. अशा संस्थानाची हद्द ओलांडून येणे इंग्रजी पोलिसांना सोयीचे नव्हते. प्रतिसरकारचे आणि तुफान सेनेचे केंद्र कुंडलला रुजले, त्यामागे जी. डी. बापू लाड यांच्यासारख्यांचे कर्तृत्व होते तसा हा भूगोलही होता. तीही एक खिंडच म्हणायची, फक्त नकाशावर आखलेली.

या चळवळीत अंगावर घेणारे कोण होते? पहिले नाव अर्थातच क्रांतिसिंह नाना पाटलांचे. १९४२ पासून १९४६ पर्यंत ते भूमिगत होते. डोक्यावर इनाम होते, घर आणि शेत सरकारने जप्त केले. सरकारच्या रागाचा सर्वांत मोठा आकडा त्यांच्या नावावर होता. एका नावामागे यंत्रणा धावत राहिली की शेकडो गावांत न्यायदान मंडळे बसवणाऱ्या, धान्य वाटणाऱ्या, हुंड्याविना लग्ने लावणाऱ्या माणसांना तेवढी उसंत मिळते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. त्या तुकडीत कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड होते. नाना पाटील पकडले गेले नाहीत, हेच त्यांच्या कामगिरीचे खरे माप, असे आमचे मत आहे. बाजीप्रभूंना जे शक्य नव्हते ते त्यांनी केले : अंगावर घेतले आणि टिकले. सर्वांना ते जमले नाही. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूरच्या चकमकीत किसन अहीर आणि नानकसिंग पडले, नागनाथअण्णा नायकवडी पायाला गोळी लागूनही वाचले.

परंतु टँकची भूमिका खेळातल्या नियमांइतक्या शुद्ध रूपात जिने केली, ती नाना पाटलांची मुलगी. १९४३ साली हौसाबाई सतरा वर्षांच्या होत्या. वांगीजवळच्या भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एक भांडण उभे करण्यात आले. नवरा बायकोला मारतो आहे, दगड उचलून जीव घेईन म्हणतो आहे, ती ओरडते आहे. पोलीस सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात सहकाऱ्यांनी रिकाम्या चौकीतून बंदुका आणि काडतुसे उचलली. नवरा खोटा होता, चळवळीतलाच एक सहकारी होता.

पाहा, यात सारे काही आहे. पहिला राग ओढणे आहे, शत्रूचे तोंड दुसरीकडे फिरवणे आहे, आणि काम होईपर्यंत ती नजर धरून ठेवणे आहे. शिवाय शिवा काशिदाचे सोंगही आहे. फरक एवढाच की इथे सोंगासाठी राजाचा पोशाख लागला नाही. मार खाणारी बायको हे दृश्य चौकीतल्या शिपायांना इतके परिचयाचे होते की कोणाला संशय आला नाही. चळवळीने घराघरांतल्या एका नित्याच्या अन्यायाचे हत्यार केले, आणि ते हत्यार एका मुलीच्या अंगावर चालवले. आम्हांस हा प्रसंग वाचताना अभिमान वाटतो आणि त्याच वेळी अवघडल्यासारखेही होते. या दोन्हींपैकी एक भावना गाळून हा इतिहास शिकवू नये.

शस्त्रांच्या हिशेबात बंदुका लिहिल्या जातात, त्या उचलणारे हात लिहिले जातात. हौसाबाईंच्या वाट्याला 'मदत केली' हे क्रियापद येते. खेळातल्या पोरांना हे हसू येईल इतके चूक वाटेल. त्यांच्या लेखी टँक मदतनीस नसतो, डाव त्याच्याभोवतीच रचलेला असतो.

पी. साईनाथ यांना वृद्धापकाळी हौसाबाईंनी ही हकीकत सांगितली. चौऱ्याहत्तर वर्षे उलटली होती. बंदुकांबद्दल त्यांना काही खंत नव्हती. राग होता तो त्या खोट्या नवऱ्यावर, सोंग खरे वाटावे म्हणून त्याने खरोखरच जोरात मारले याचा.