केसांचा कलप

कलप म्हणजे पिकलेले केस काळे किंवा तपकिरी करण्यासाठी लावला जाणारा रंग. केसाच्या मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होणे थांबले की केस पांढरा उगवतो. कलपाने हा बदल थांबत नाही. केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढत असल्याने काही आठवड्यांतच मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते.

टिकाऊ कलपांपैकी अनेकांत पॅराफेनिलीनडायअमीन (पीपीडी) असते. अमोनियामुळे केस फुगतो, पीपीडी आत शिरते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया होऊन तेथेच गडद रंग तयार होतो. मेंदीतील लॉसोनचा रंग मात्र तांबूस असतो. त्यामुळे झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी मिसळलेले असते, तिला निव्वळ वनस्पती समजणे चुकीचे आहे.

पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा कायम राहते. अशा व्यक्तीला रचनेने मिळत्याजुळत्या इतर रंगरसायनांचाही त्रास होऊ शकतो. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रंगरसायनांचे व कापडाचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत काम करताना ज्यांच्या हातांना पुरळ उठते, त्यांनी पहिला पांढरा केस झाकण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट.

पीपीडीयुक्त कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही इशारा छापण्याची तरतूद औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये होती. कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस थोडा कलप लावून २४ तास वाट पाहावी, असे त्यासोबतच्या सूचनेत असे. भुवया व पापण्यांना कलप लावल्यास अंधत्व येऊ शकते.