अंगणातील फळ्या आणि डेहराडूनचे रसायन

अमेरिकी घरामागच्या जमिनीलगतच्या लाकडी डेकला खालची ओल आणि वाळवी पोखरतात. त्यावरचा टिकाऊ तोडगा मात्र डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत निघाला. १९३३ मध्ये सोंटी कामेसम यांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. १९३८ मध्ये त्यास अमेरिकी पेटंट मिळाले. (हे नाव आपल्याही पुस्तकांत क्वचितच भेटते.)

दाबाखाली ते लाकडात मुरवले, की तांबे बुरशीला रोखी, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम दोघांना तंतूंत जखडून ठेवी. स्वस्त पाइनही त्यामुळे दशकानुदशके टिकू लागले.

पण जखडलेले आर्सेनिकही थोडे थोडे पाझरतेच, आणि या फळ्यांवर मुले अनवाणी खेळत. २००३ अखेर उत्पादकांनी तेथे घरगुती वापरासाठी असे लाकूड बनवणे थांबवले. जुने डेक अजून उभे आहेत. मोडल्यावर त्या फळ्या शेकोटीत घालू नयेत, राखेतही आर्सेनिक उरते.