जंजिऱ्याच्या तोफा आणि पीरभॉयांचे रूळ

रायगडच्या किनाऱ्यावर मुसलमानांचा इतिहास म्हटला की बोट जंजिऱ्याकडे जाते. दिघीच्या किनाऱ्यावरून तर किल्ला समोरच दिसतो. सिद्दी, तटबंदी, कलालबांगडी तोफ हे सगळे खरे आहे. पण याच जिल्ह्यात एका मुसलमान घराण्याने डोंगरावर रेल्वे चढवली, ही गोष्ट आपल्या मुलांना आपण क्वचितच सांगतो.

दिघीला बंदर आहे, आगरदांड्याला जाणारी फेरीबोट आहे, रेल्वे मात्र नाही. कोकण रेल्वे माणगाववरून आतल्या आत निघून जाते. तरीही इथल्या एखाद्या मुलाला घरात फळीवर छोटी रेल्वे मांडावीशी वाटली, तर नमुना शोधायला जिल्ह्याबाहेर जायला नको. नेरळ-माथेरानची गाडी रायगडातलीच आहे.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योजक. १९०७ च्या डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माथेरानची गाडी सुरू झाली. काम १९०४ मध्ये त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हाती घेतले होते. खर्च सुमारे सोळा लाख रुपये, तोही पीरभॉय घराण्याचा. सल्लागार होते बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप.

या लोकांनी आधी डोंगर पाहिला, गाडी नंतर. मोठ्या रेल्वेचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. तिला लागणारी ऐसपैस वळणे इथल्या कड्यांवर बसणारी नव्हती. म्हणून रूळ ६१० मिलिमीटरवर आणले. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याची इंजिने घेतली, तीही वळणावर आस थोडे सरकू शकतील अशा बांधणीची. माउंट बेरीजवळ गाडी थांबवून उलटी न्यावी लागू नये म्हणून भराव घालून घोड्याच्या नालासारखे वळण काढले.

फळीवरच्या रेल्वेचा आराखडाही असाच करावा. नवशिके आधी आवडीचे इंजिन घेतात आणि मग ते वळणावरून घसरते. आधी जागा मोजावी, त्यात किती त्रिज्येचे वळण बसते ते पाहावे, आणि त्या वळणावर चालेल तेच इंजिन घ्यावे.

दुसरा प्रश्न काय वगळायचे याचा. सुमारे २१ किलोमीटरचा हा मार्ग १:७६ प्रमाणात केला तरी पावणेतीनशे मीटर भरेल. तेव्हा एकच तुकडा निवडावा. अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा टप्पा नवशिक्यासाठी उत्तम. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते तेव्हाही या टप्प्यावर एकच गाडी ये-जा करते. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने रस्ते नि मोटारी करत बसायलाही नको. लाल माती, झाडी आणि चार घोडे पुरेत.

१२० बाय ६० सेंटीमीटरची फळी घ्यावी. १:७६ प्रमाणात अरुंद गाडीसाठी ९ मिलिमीटरचे रूळ वापरतात. त्यांचे २३ सेंटीमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ ४६ सेंटीमीटरांत मावते, म्हणजे दोन्ही कडांना सात-सात सेंटीमीटर उरतात. मागच्या कडेला अमन लॉज, पुढच्या कडेला माथेरान, आणि दोघांना जोडणारे नालासारखे वळण. माथेरानला शेजारी दुसरी लाइन टाकून ती दोन सांध्यांनी जोडावी, म्हणजे इंजिन डबे सोडून पुढून मागे येऊ शकेल.

खरा चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट आहे. फळीवर त्याची नक्कल करू नये, छोट्या इंजिनाची चाके जागेवरच फिरतात. रूळ सपाट ठेवून बाजूची जमीन खाली कोरावी. फळीवर थर्माकोलचा जाड थर दिला की दरी कोरता येते आणि गाडी उंचावरून चालल्यासारखी दिसते. खिळे ठोकण्याआधी पूर्ण आकाराचा आराखडा कागदावर काढून जमिनीवर पसरून पाहावा. कागदावरची चूक खोडरबराने जाते.

दिघीसाठी एक सूचना जास्तीची. खारी हवा पोलादी रुळांना गंज चढवते, म्हणून निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. प्लाय मरीन असावे आणि दोन्ही बाजूंनी रंगवावे, नाहीतर पावसाळ्यात फळी वाकते आणि रूळही वाकडे होतात.

माथेरानच्या गाडीला लोक कौतुकाने खेळण्यातली गाडी म्हणतात. त्या शब्दात घराण्याने ओतलेला पैसा आणि तीन वर्षांचे डोंगर फोडणे दिसत नाही. म्हणून फळीच्या पुढच्या कडेला एक पट्टी लावावी आणि मुलानेच तिच्यावर लिहावे: नेरळ-माथेरान, १९०७, पीरभॉय. पाहुण्याने विचारले, हे पीरभॉय कोण, तर उत्तर मुलाकडे तयार असेल.